बाळाबाईनं दानम्माचा दात पाडला

बाळाबाईनं दानम्माचा दात पाडला ही बातमी माझ्या चटणीच्या कांडपातून निघाली तेव्हा तिच्यात एकच दात होता. गल्लीच्या तोंडाशी केरबाची दूध डेअरी आहे, तिथं पोचेपर्यंत त्याचे तीन झाले. केरबानं ती फोनवरून गडहिंग्लजला दानम्माच्या मुलाला कळवली तेव्हा जबडा निखळलेला होता. आईनं फोन उचलला नाही म्हटल्यावर संगमेश अर्ध्या दिवसाची रजा टाकून मोटारसायकलवरून आला आणि हेल्मेट न काढताच त्यानं मला विचारलं, आईला कुठल्या दवाखान्यात नेलंय.

त्याची आई त्या वेळी शाहूपुरीच्या बाजारात खोबऱ्याचा भाव करत होती. सगळे दात जागेवर होते.

चूक माझीच, पण निम्मी. उरलेली निम्मी आमच्याकडं चटणी कांडायची जी पद्धत आहे तिची.

पिठाच्या गिरणीत बाई डबा ठेवून बाजारात जाते, येताना पीठ घेऊन जाते. चटणीचं तसं नसतं. ती वर्षाची असते. आपली मिरची आपल्या डोळ्यांसमोर मुसळाखाली गेली पाहिजे, नाहीतर मागच्या बाईची हलकी मिरची आपल्यात यायची, नाहीतर कांडपवाली मूठभर बाजूला काढायची. कांडपवाली म्हणजे मी, शालन. हे माझ्या तोंडावर बोलतात आणि मी चहा देते. त्यामुळं होळीपासून पुढं उन्हाळाभर माझ्याकडं बाया नाकाला पदर लावून, शिंकत, आपापल्या मिरचीवर नजर ठेवून बसलेल्या असतात. मुसळं धडधडत असतात, बोलायचं तर ओरडावं लागतं. मग बघणार काय? माझा कॉम्प्युटर.

तो स्वप्नालीचा, माझ्या लेकीचा. नोकरीला पुण्याला गेली तेव्हा मला बिलं करायला ठेवून गेली. बिलं मी अजून तोंडीच सांगते. पण त्यात एक खेळ होता. एक डोंगर आहे आणि त्यात दाढीवाली बुटकी माणसं राहतात. बायकांनाही दाढी. आपण त्यांचे देव नव्हे, फार तर सरपंच. इथं खोली खणा, तिथं भिंत घाला, दारू गाळा, एवढं सांगायचं. कुणी कुणाशी बोलावं आणि कुणी कुणावर रुसावं हे आपल्या हातात नसतं. प्रत्येकाला आवडनिवड आहे, प्रत्येकाला जुन्या गोष्टी आठवतात. भांडा असं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. स्वप्नाली म्हणते, करणाऱ्यांनी नुसते बारके बारके नियम घातलेत, त्यांच्या गुंत्यातून काय काय आपोआप उगवतं, ते त्यांनाही आधी माहीत नसतं. मी म्हटलं, म्हणजे एकत्र कुटुंब.

खाली इंग्रजीत वाक्यं पळत असतात. फोनवर शब्द बघत बघत मला ती कळायला लागली. त्या डोंगरात वसवलेला पहिला किल्ला मी नदीचं पाणी स्वयंपाकघरात आणायला गेले आणि बुडवला. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या बाईनं तरी असं करू नये. दुसरा उपासमारीनं गेला. तिसरा टिकला, कारण त्यात मी आधी दारूचं मोठं दालन बांधलं आणि मग बाकीचं.

त्या दालनात मारामाऱ्या होतात. हत्यार काढत नाहीत. बुक्की, लाथ, चावा, केस ओढणं, गळ्यात हात घालून आपटणं. नाक फुटतं, बोट मोडतं, मरत कुणी नाही. बाकीचे पेला हातात धरून गोल करून बघतात आणि झाल्यावर जो तो कामाला जातो. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. उलट बाया मला समजावायला लागल्या. तो लांबडा लंगडी टाकतोय बघ, ही खालून पट काढणार बघ.

मग नावं आली. मला घे की त्यात, म्हणून एक मागं लागली, मग सगळ्याच. खेळात नाव बदलता येतं, मी बदलत गेले. विठाबाईनं स्वतःचं दिलं नाही, सासूचं दिलं, आणि तिला दगड वाहायला लाव म्हणाली. बाळाबाईचं आणि दानम्माचं नाव मात्र कुणी मागितलं नव्हतं. ती मी माझ्या मनानं घातली.

या दोघींची चटणी कैक वर्षं एकत्र व्हायची. आमच्याकडं याच्या पुढचं नातं नाही. सख्ख्या बहिणी जमीन एकत्र ठेवतील, चटणी ठेवणार नाहीत. मिरची बाळाबाईची, ती गच्चीवर वाळवायची. खोबरं, तीळ, धने, लसूण दानम्माचं. एकाच घाण्यात कांडायचं आणि निम्मं निम्मं घरी न्यायचं. दोघींचेही नवरे लवकर गेले. बाळाबाईचा पैलवान होता, दानम्माचा किराणा दुकानात तागडी धरायचा. समोरासमोर दारं, संध्याकाळी कुणाच्या तरी एका उंबऱ्यावर दोघी.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला दोन्ही घरांतली बरणी एकदम नासली. वर पांढरी बुरशी आणि खाली खवट वास. बाळाबाई म्हणाली खोबरं खवट होतं. दानम्मा म्हणाली मिरची ओली होती. दोघींनी उरलेलं वर्ष दुकानातली पुडीतली चटणी खाल्ली, आणि माझ्या मते खरी जखम तीच. तेव्हापासून बोलणं बंद. दानम्मा झाडलोट करायला बाहेर आली की बाळाबाई आत जायची. बाळाबाई भाजीवाल्याला हाक मारायला लागली की दानम्मा भाजी नकोच म्हणायची.

त्यात संगमेशनं ठरवलं की आईला आता गडहिंग्लजला घेऊन जायचं, कायमचं. अक्षय तृतीया झाली की सामान हलणार. दानम्मा जाईल, तिथं नातवंडं आहेत, तिचं मन लागेल. भांडण मात्र ती बरोबर नेणार नव्हती. ते बाळाबाईच्या वाट्याला राहणार होतं, रोज त्या कुलपासमोरून जायचं. हे मला बघवत नव्हतं. म्हणून मी दोघींची नावं घातली आणि त्यांना दालनाच्या अलीकडं-पलीकडं खोल्या दिल्या. याहून जास्त लबाडी त्या खेळात करता येत नाही.

दानम्माला यातलं काही माहीत नव्हतं. बाळाबाईला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती आली, माझ्या खुर्चीमागं उभी राहिली, तिच्या नावाची, दगड फोडणारी दाढीवाली बाई बराच वेळ बघितली आणि म्हणाली, मला हे असलं काय आवडत न्हाई. मग जाताना पदर सारखा करत विचारलं, "ती कुठं हाय?"

मी दाखवलं. पडद्यावरची दानम्मा अळंब्यांच्या शेतात काहीतरी वेचत होती.

त्यानंतर बाळाबाई रोज यायची. हातात पिशवी नसायची, कांडायचं काही नसायचं. पंख्याखाली बसते म्हणायची आणि पंखा नसलेल्या बाजूला कॉम्प्युटरजवळ बसायची. नाव घ्यायची नाही. ती जेवली का, विचारायची. ती एकटीच का बसलीय, विचारायची. खऱ्या दानम्माकडं दिवाळीपासून मान वळवली नव्हती, आणि या बोटभर बुटकीच्या मागं तिची नजर डोंगरभर फिरायची.

दात पडला तो दिवस असा. सकाळची वेळ, विठाबाईची मिरची मुसळाखाली, आणखी चारपाच जणी रांगेत. बाळाबाई आपल्या जागेवर. दालनात गर्दी झाली. पडद्यावरची बाळाबाई उठली, दानम्माच्या मेजापर्यंत गेली आणि काही न बोलता तिच्या तोंडावर बुक्की ठेवून दिली. खाली वाक्यं पळायला लागली, मी मोठ्यांदा मराठी करत गेले. बाळाबाईनं दानम्माला डाव्या गालावर मारलं. दानम्मानं बाळाबाईची दाढी धरली. बाळाबाईनं परत मारलं, दात निखळला, हवेत उडाला आणि लांब जाऊन पडला. दात उडून कुठं पडला हेसुद्धा खेळ सांगतो.

बायांनी जो गलका केला त्यापुढं मुसळं ऐकू येईनात. विठाबाई तर मिरची सोडून उठली, आणि हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. का मारलं, का मारलं, सगळ्या विचारायला लागल्या. मी पडद्यावरच्या बाळाबाईच्या माहितीत जाऊन बघितलं. तिथं लिहिलं होतं की बरेच दिवस मनातलं बोलायला कुणी न मिळाल्यामुळं ती चिडचिडी झाली आहे. ते मी मोठ्यांदा वाचलं नाही. म्हटलं, खुर्चीवरनं झालं.

खरी बाळाबाई तेवढी खुर्चीमागं आली. तिनं माझा खांदा धरला. "लई लागलं का तिला?"

पडद्यावरच्या दानम्माचा हातही मोडला होता. दोघा बुटक्यांनी तिला उचलून खाटेवर नेऊन टाकलं. माझ्या किल्ल्यात धड दवाखाना नाही, चार खाटा आहेत आणि कुणाची नेमणूक नाही. तहान लागली तर पाणी कुणी द्यायचं हे मी ठरवलेलंच नव्हतं. आम्ही बघत राहिलो. दालनातून पडद्यावरची बाळाबाई निघाली, विहिरीवर गेली, बादली भरली आणि खाटेपाशी जाऊन दानम्माला पाणी पाजलं. परत गेली, परत बादली आणली.

"तू लावलंस तिला?" बाळाबाईनं विचारलं.

मी म्हटलं, काकी, असं लावता येत नाही. जो रिकामा असतो तो जातो.

शेवटचं वाक्य तिनं ऐकलं नसावं, मुसळं चालू होती. ती डोळे पुसत घरी गेली. चटणीच्या कांडपात कुणी डोळे पुसले तर त्याचा अर्थ काढायचा नसतो.

बाकीच्या बाया आपापली चटणी घेऊन गेल्या आणि जाताना दूध घ्यायला केरबाकडं थांबल्या. पुढचं सांगितलंच आहे.

तर संगमेश हेल्मेटमध्ये माझ्यासमोर उभा, मी त्याला पडद्यावर बोट दाखवून समजावतेय की तुझी आई ती, दाढीवाली, खाटेवरची. त्याला पटायला वेळ लागला. तेवढ्यात खरी दानम्मा खोबऱ्याची पिशवी घेऊन दारात आली. तिला बघून तो दारापर्यंत गेला आणि तिथंच खाली बसला.

दानम्मा तापलेली होती. रिक्षातून उतरल्यापासून भेटेल तो तिच्या तोंडाकडं बघत होता. केरबानं तर तोंड उघडून दाखव म्हणून सांगितलं होतं. तिला आतापर्यंत सगळी हकीकत गल्लीनं तुकड्यातुकड्यानं पोचवली होती, आणि दाताचं तिला काहीच वाटलं नव्हतं. तिचा राग वेगळा होता.

"बाळक्का जिंकली म्हणं?"

विठाबाई अजून होती, मिरची सोडून उठल्यानं तिची पाळी गेली होती आणि निम्मी मिरची राहिली होती. ती म्हणाली, कुस्ती निकाली झालेली न्हाई, पाठ टेकली न्हाई. दुपारच्या रांगेतली एक म्हणाली, दात पडला म्हणजे गुण जातोय. दानम्मानं दोघींना गप्प केलं, मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली.

"उठव मला. परत हुदे."

मी सांगितलं, अक्का, ती मनात येईल तेव्हा उठेल. दानम्मा पडद्याला नाक लावून बघत बसली. आपली दाढी बघितली. खाट बघितली. मग बादली घेऊन येणारी ती दुसरी दिसली.

"ही कोण मला पाणी देत्या?"

"बाळाबाईकाकी."

दानम्मानं खुर्ची आणखी पुढं ओढली. मग म्हणाली, ती कशाला, दुसरं कोण नव्हतं काय. मी खरं तेच सांगितलं, की विहिरीजवळ जी रिकामी असेल ती जाते. दानम्मानं पडद्यावर बोट टेकवलं. विहिरीला टेकून विठाबाईची सासू बसली होती. रिकामी. सकाळपासून तिथंच असावी.

"ही का जाईना मग?"

विठाबाई म्हणाली, ती घरी बी तशीच हाय.

आणि तेव्हा बाळाबाई दुसऱ्यांदा आली. दिवसातून दोनदा ती कधी येत नसे. खाटेवरच्या बाईचं काय झालं ते बघायला आली होती, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दारातून आत पाऊल टाकलं आणि बघते तर खुर्चीवर दानम्मा, सगळी, डोक्यापासून पायांपर्यंत. मागं फिरायला जागा नव्हती, दारात संगमेश बसलेला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता एक जण हात पुढं करणार. मी चहाला आधण ठेवायला वळलेसुद्धा.

"तुझं खोबरं खवट हुतं," बाळाबाई म्हणाली.

दिवाळीनंतरचं पहिलं वाक्य.

"तुझी मिरची वली हुती. पायाखाली तुडवली तरी मोडंना."

"तोंड सांभाळ, दाने."

"कशाला? पाडलास की दात. आता काय ऱ्हायलंय सांभाळायला?"

पुढचं कुणी आधी केलं यावर गल्लीत दोन मतं आहेत. मी पाहिलं ते असं, की दानम्मानं शेजारचं सूप उचललं आणि बाळाबाईच्या डोक्यात घातलं. सुपानं कुणाला लागत नाही, पण आवाज मोठा येतो. बाळाबाई पैलवानाची बायको, तिनं दानम्माच्या कमरेला मिठी मारली आणि उचलायला बघितलं. साठी उलटलेल्या बाया. उचललं गेलं नाही, दोघी तशाच गोल फिरल्या आणि मिरचीच्या पोत्यावर जाऊन बसल्या, म्हणजे बाळाबाई पोत्यावर आणि दानम्मा बाळाबाईवर. संगमेश सोडवायला मध्ये गेला. हेल्मेट अजून डोक्यात होतं म्हणून वाचला, तरी हाताला कुणीतरी चावलं. कोण, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

मी आधी यंत्र बंद केलं. फिरत्या पट्ट्यात पदर गेला तर गंमत राहात नाही. बाया सोडवायला उठल्या नाहीत. त्यांनी गोल केला. विठाबाई खाली वाकून कुणाची पाठ टेकते ते बघत होती.

कुणाचीच टेकली नाही. पोत्याचं तोंड सुटलं होतं, दोघींच्या वजनानं आतून मिरचीचा लाल धुरळा उठला आणि दोघींना शिंका लागल्या. एकमेकींचे केस हातात धरून शिंकत होत्या. मग गोलातल्या सगळ्या, मग मी, मग हेल्मेटच्या आत संगमेश. शिंकताना माणसाला राग धरून ठेवता येत नाही, हातच सुटतात. दोघी पोत्यावर शेजारीशेजारी बसून राहिल्या, नाक पुसत. यंत्र बंद असल्यामुळं कांडपात इतकं शांत झालं होतं की पंख्याचा आवाज येत होता.

कुणी माफी मागितली नाही. मी वाट बघितली.

दानम्मानं खाली पडलेली पिशवी ओढली, आतली खोबऱ्याची वाटी काढली आणि बाळाबाईच्या मांडीवर टाकली. "चावून बघ. खवट हाय काय सांग."

बाळाबाईनं चावलं. दोनदा. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. "हे न्हाई खवट. ते हुतं."

"त्याच दुकानातलं हाय. तुझी मिरची आण. आत्ता, हितं. माझं खोबरं, तुझी मिरची, दुसऱ्या कुणाचं काय न्हाई. एका घाण्यात कांडायचं, निम्मं निम्मं न्यायचं आणि वरीसभर बघायचं. मग कळंल कुणाचं नासतंय."

"आणि तू जाणार तिकडं गडहिंग्लजला. तुझ्या बरणीत काय झालं, मला कोण सांगणार?"

"येऊन बघ की."

"येणारच. तू तर बुरशी वरच्यावर काढून टाकशील."

"मी बी येणार हिकडं. म्हैन्याच्या म्हैन्याला. तुझा भरवसा न्हाई."

संगमेश म्हणाला, त्यापेक्षा मोबाइलवर फोटो पाठवला तरी कळेल की. दोघींनी त्याच्याकडं असं बघितलं की तो हेल्मेट काढून, बाजूला ठेवून, लसूण सोलायला बसला.

बाळाबाईची मिरची आली. गच्चीवर वाळवून, देठं काढून तयारच होती, इतकी की ती आधीपासूनच वाट बघत होती की काय, अशी मला शंका आली. दानम्मानं खाली बसून मूठमूठ मिरची कानाशी नेऊन मोडली. कट्कन आवाज आला की घमेल्यात, नाही आला की बाजूला. बाळाबाईनं खोबऱ्याची वाटी अन् वाटी हुंगली. विठाबाईची निम्मी मिरची तशीच राहिली होती, ती तिनं आपण होऊन बाजूला सरकवली. मी यंत्र सुरू केलं. दोघी मुसळाच्या दोन बाजूंना बसल्या, एकीची नजर दुसरीच्या हातावर. मीठ कुणी टाकायचं यावर थोडं झालं, ते मी टाकलं.

मध्येच दानम्मानं डोक्यातली पिन काढून पुढं केली. "केस बांध. एक पडला तर म्हणशील, दानम्माचा हाय."

बाळाबाईनं केस बांधले.

निम्मं निम्मं करताना दोघींनी काट्याकडं डोळे लावले होते. दोन डबे भरले, वर हिंगाचे खडे ठेवले. संगमेश डबे उचलायला आला तर दोघींनी आपापला स्वतः उचलला. दारापर्यंत बरोबरच गेल्या, दार एवढं मोठं नाही, तरी.

"पैल्यांदा कधी येणार हाईस?" बाळाबाईनं विचारलं.

"सांगून आलो तर तपासणी कसली?"

बाळाबाई पुढं निघाली होती, ती थांबली. डबा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला.

"मी घरात नसलो तर किल्ली मोरीच्या खिडकीत असती," म्हणाली. "आत जाऊन बस."